सिंधुपाल्चोकला ताडपत्र्या घेऊन गेलो तेव्हा

कुठंही मोठा भूकंप झाला की ओळखीतल्या लोकांचे मला फोन सुरू होतात. २०२३ ला तुर्कस्तान-सीरियाच्या वेळी आले, २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या वेळी आले, आणि प्रश्न ठरलेला असतो, "आम्ही कपडे, ब्लँकेट, बिस्किटं गोळा केलीत, कुठं पाठवायची?" विचारणाऱ्यांचा जीव खरंच तुटत असतो, पण फोनवर पाच मिनिटांत हे सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर आम्ही काही मित्र मदत घेऊन गेलो होतो. मदत गोळा केल्यापासून ती एखाद्या घराच्या दारात (म्हणजे दार उरलेलं नसतंच, पण दार होतं त्या जागी) पोहोचेपर्यंत काय काय करावं लागतं आणि ती नेमकी कुठं अडते, हे जसं बघितलं तसं सांगतो.

भूकंप २५ एप्रिल २०१५ ला झाला, दुपारचे ११:५६ वाजले होते, तीव्रता ७.८, केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाक गावाजवळ. जवळपास ९ हजार माणसं गेली आणि साधारण ५ लाख घरं पूर्ण पडली. सगळ्यात जास्त माणसं सिंधुपाल्चोक जिल्ह्यात गेली, साडेतीन हजारांच्या आसपास. तो दिवस शनिवार होता, नेपाळात शनिवारी सुट्टी असते, त्यामुळं शाळा बंद होत्या आणि दुपार असल्यानं डोंगरातली बरीच माणसं शेतात होती. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्या रिकाम्या होत्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मला पुढचं काही वाचवेना, कारण आमच्याकडं नेमकं उलटं झालं होतं.

मी मूळचा उमरगा भागातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले आणि झोपेतच घरं अंगावर आली. रिश्टर स्केलवर किल्लारीचा भूकंप नेपाळच्या मानानं बराच लहान होता, पण दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची टनभर माती, यातून कोण वाचणार? मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरातली कोण गेली ते इथं लिहीत नाही. पण त्यानंतरच्या दिवसांत मदत घेणारा माणूस म्हणून जे बघितलं ते डोक्यात पक्कं बसलंय आणि नेपाळला जाताना माझ्याकडं दुसरं कुठलं ट्रेनिंग नव्हतं, हेच होतं.

जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले असायचे, पावसात भिजून कुजलेले. आमच्या वस्तीवर एक गठ्ठा आला होता त्यात लोकरीचे जाड कोट निघाले, मराठवाड्याच्या ऑक्टोबरमध्ये. पाठवणाऱ्यानं मनापासूनच पाठवले असणार, त्याबद्दल आजही वाईट शब्द काढवत नाही. पण लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. एक बाई आल्या होत्या वही घेऊन, कुठल्या संस्थेच्या ते माहीत नाही, त्या माझ्या आज्जीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज्जी, तुमच्या घरात कोण कोण होतं ते सांगा." कोण आहेत नाही, कोण होतं. आज्जी एकेक नाव सांगत गेली आणि त्या लिहीत गेल्या, गेलेल्यांची पण आणि राहिलेल्यांची पण. तोपर्यंत आज्जी रडलीच नव्हती. मग त्यांनी विचारलं की आत्ता सगळ्यात आधी काय पाहिजे, तर आज्जी म्हणाली, झाकण असलेली घागर दे बाई, पाण्यात धुरळा पडतोय. दुसऱ्या दिवशी घागर आली.

तर नेपाळला जायचं ठरल्यावर आमच्या ग्रुपमध्ये पहिल्याच बैठकीत सामान गोळा करायचा विषय निघाला तेव्हा मी आणि अजून एक मित्र, तो डॉक्टर आहे आणि २००१ ला भुजला जाऊन आलेला, आम्ही दोघांनी हट्टच धरला की आधी तिथल्या कुणालातरी विचारायचं आणि तोपर्यंत एक चादरसुद्धा गोळा करायची नाही. ओळखीतून काठमांडूतल्या एका छोट्या संस्थेशी बोलणं झालं. तिथल्या दाजूंनी (मोठ्या भावाला, आणि एकूणच वयानं मोठ्या माणसाला तिकडं दाजू किंवा दाइ म्हणतात) स्पष्ट सांगितलं, कपडे नको, औषधं तर अजिबात नको ज्यांची नावं इथल्या डॉक्टरला माहीत नाहीत, बाटलीबंद पाणी नको. ताडपत्री पाहिजे, दोरी पाहिजे आणि जून लागायच्या आत पत्रे पाहिजेत. पैसे देत असाल तर उत्तम, पण आत्ता काठमांडूत पैसे देऊनही ताडपत्री मिळत नाहीये, तेवढी तुमच्याकडून आणा.

मग पैसे जमवले आणि ताडपत्र्या विकत घेतल्या. इथं एक सांगतो, ताडपत्री म्हणजे कुठलीही प्लास्टिकची निळी शीट नव्हे. मदतकार्यात जी वापरतात ती साधारण ४ बाय ६ मीटरची, दोन्ही बाजूंनी कोटिंग असलेली, कडेला दोरी ओवायला मजबूत पट्टी असलेली. आंतरराष्ट्रीय मदतीचे जे किमान निकष आहेत, स्फिअर म्हणतात त्यांना, त्यात माणशी निदान साडेतीन चौरस मीटर छप्पर धरलंय, पाच माणसांच्या घराला एक ताडपत्री नीट ताणून लावली तर कशीबशी पुरते. बाजारात निम्म्या किमतीत पातळ शीट मिळत होत्या आणि "जास्त लोकांना देता येईल" असं आमच्यातल्याच काहींचं म्हणणं होतं. पण डोंगरातल्या वाऱ्यात पातळ शीट आठवड्यात फाटते, मग त्या घराला दोनदा बेघर केल्यासारखं होतं. आम्ही कमी घेतल्या पण जाड घेतल्या.

सीमेवर ट्रक अडकले. हा भाग थोडक्यात सांगतो कारण यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. नेपाळ सरकारनं मे महिन्याच्या सुरुवातीला तंबू आणि ताडपत्रीवरची आयात ड्यूटी माफ केली होती, पण माफी मिळवायला सामान कुणाच्या नावावर येतंय, त्या संस्थेची नोंदणी कुठली, बिल कुठंय, प्रत्येक गठ्ठ्यात काय आहे त्याची यादी, हे सगळं लागतंच. आमच्या पुढं जे ट्रक उभे होते त्यातल्या कितीतरींमध्ये मिक्स सामान होतं, एकाच पोत्यात साड्या, बिस्किटं, टूथपेस्ट, आणि कागद काहीच नाही, नुसतं बॅनर. नाक्यावरचा माणूस ते पास कसं करणार? एकेक पोतं उघडून बघत बसलेले. आमच्याकडं एकाच प्रकारचा माल, मोजून बांधलेला आणि काठमांडूच्या संस्थेचं पत्र होतं, तरी बराच खोळंबा झालाच. रात्री ट्रकच्या सावलीत, म्हणजे दिव्याच्या उजेडात जी पडते त्या सावलीत, झोपलो. ड्रायव्हर बिहारचा होता, त्याचं स्वतःचं गाव पण त्याच भूकंपात हललेलं, बिहारमध्ये पण माणसं गेली होती हे आपल्याकडं फारसं कुणाला आठवत नाही. त्यानं भाडं कमी घेतलं होतं, आम्ही न सांगता.

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाची अवस्था तेव्हा सगळ्या जगाला कळली असेल. एकच धावपट्टी. भारताची विमानं भूकंपाच्या दिवशीच संध्याकाळी उतरली होती, ऑपरेशन मैत्री नावानं ते काम चाललं, मग चीन, अमेरिका, इस्राएल, युरोपातले देश, सगळीकडून पथकं. भूतानसारख्या छोट्या देशाचे पंतप्रधान छेरिंग तोबगे स्वतः आले, १० लाख डॉलर आणि डॉक्टरांचं पथक घेऊन, मला त्या सगळ्या बातम्यांमध्ये ही सगळ्यात जास्त भावली. पण एवढी जड विमानं एकाच पट्टीवर उतरत राहिल्यानं तिला तडे जायला लागले आणि ३ मेला १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. म्हणजे जगभरातून मदत निघालीये, आकाशात आहे, आणि उतरायला जागा नाही. त्यातल्या त्यात एक बरं की जागतिक अन्न कार्यक्रमानं विमानतळाशेजारी माल उतरवून लावायचं मोठं आवार भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी, मार्चमध्येच सुरू केलं होतं. मोठा भूकंप येणार हे जाणकारांना माहीतच होतं, त्यांनी आधीच करून ठेवलेली ती सोय किती कामाला आली हे तिथं गेल्यावर कळतं. संकट यायच्या आधी दिलेला पैसा कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त जीव त्यानंच वाचतात.

त्याच सुमारास भारतीय मीडियाविरुद्ध नेपाळात प्रचंड राग उसळला होता, "भारतीय मीडिया परत जा" म्हणून ट्विटरवर ट्रेंड चाललेला. मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडासमोर माईक धरून "आपको कैसा लग रहा है" विचारलेलं तिथल्या लोकांनी बघितलं होतं. आम्हाला काठमांडूतल्या एका ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, वाटप करताना फोटो काढायचे नाहीत, देणगीदारांना पुरावा पाहिजे असेल तर सह्यांचे कागद दाखवा. आम्ही ते पाळलं आणि पुण्यातल्या काही देणगीदारांना ते आवडलं नाही, त्यांनी पुढचे पैसे दिले नाहीत. न देवोत.

चौतारा हे सिंधुपाल्चोकचं मुख्यालय, डोंगराच्या धारेवर वसलेलं लांबट गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं एकमेकांवर कललेली. जिल्ह्याचं हॉस्पिटल पडलेलं, नॉर्वेच्या रेडक्रॉसनं मैदानात तंबूंचं हॉस्पिटल उभं केलं होतं. तिथं रोज बैठका व्हायच्या, निवाऱ्याची वेगळी, पाण्याची वेगळी, आरोग्याची वेगळी, यांना क्लस्टर म्हणतात. कोणती संस्था कुठल्या गावाला जातेय हे एका मोठ्या कागदावर लिहायचं, म्हणजे एकाच गावात चार जण जायला नकोत. नवीन माणसाला या बैठका म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतात, लोक उघड्यावर आहेत आणि तुम्ही तक्ते काय भरताय असं होतं. आमच्यातला एकजण चिडून उठून पण गेला. पण मी त्या तक्त्यावर बघितलं, रस्त्यालगतच्या गावांसमोर तीन-तीन चार-चार संस्थांची नावं आणि वरच्या वाड्यांसमोर कोरी जागा. गाडी जाते तिथपर्यंतच दया जाते हे कागदावर असं ढळढळीत दिसत होतं. कोरी जागा बघून आम्ही तिथं आमचं नाव लिहिलं.

वरच्या गावांना जायला गाडीरस्ता संपला की चालायचं. मोठ्या संस्थांनी तर पुढं हजारो हमाल आणि खेचरं कामाला लावून पायवाटा दुरुस्त करून धान्य वर नेलं, त्यात त्या लोकांना मजुरी पण मिळाली. ट्रेकिंगचा धंदा भूकंपानं बसला होता, त्यांना तेच काम मिळालं, ही कल्पना ज्याची कुणाची होती त्याला मनापासून नमस्कार. आमच्या ताडपत्र्या पण तशाच गेल्या, कपाळावर नाम्लो म्हणजे पट्टा आणि पाठीवर गठ्ठा. पत्रे नेताना तर माणूस वाटेत आडवा चालतो, कारण पत्र्याची रुंदी वाटेच्या बाहेर जाते, वारा आला की तो आख्खा माणूस हलतो, मग तो थांबतो, टेकणी काठी मागं लावतो, वारा गेला की परत चालायला लागतो. साठीच्या घरातला एक बा (वडिलधाऱ्यांना बा म्हणतात) असा चढत होता, त्याचं स्वतःचं घर पडलेलं, आणि तो दुसऱ्या गावाचे पत्रे नेत होता.

आता खरी गोष्ट, यादी.

तिथं तेव्हा गाविस होत्या, गाउँ विकास समिती, आपल्या ग्रामपंचायतीसारख्या, पण कितीतरी वर्षं स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या, त्यामुळं निवडून आलेला सरपंच असा कुणी नाही. एक सरकारी सचिव आणि सगळ्या पक्षांची माणसं मिळून ठरवणार. यादी त्यांच्याकडून घ्यायची आणि मग आपण घरोघर जाऊन पडताळायची अशी पद्धत. यादीत नाव असायला नागरिकता लागते, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, आणि तो बऱ्याच जणांचा ढिगाऱ्याखाली होता. बायकांचा तर पुष्कळदा काढलेलाच नव्हता. नवरा मलेशियाला नाहीतर कतारला, घर सासऱ्याच्या नावावर, सासरा भूकंपात गेला, मग हिचं घर कुणाचं? कागदावर ही बाई कुठंच नाही, आणि समोर बघतो तर तीन लेकरं घेऊन मक्याच्या कणसांच्या मांडवाखाली राहतेय.

दुसरा घोळ चुलीचा. एका घरात तीन भाऊ, तीन चुली, पण घर एक. एक ताडपत्री द्यायची का तीन? किल्लारीला अगदी हाच वाद झाला होता. तिथं तर पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नवीन जागेवर वसवली तेव्हा घराचा आकार जमिनीवरून ठरवला, २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट, ज्याच्याकडं जास्त जमीन त्याला मोठं घर. भूमिहीनाच्या घरात माणसं कमी असतात का? तो निर्णय मला अजूनही पटत नाही. आम्ही सिंधुपाल्चोकच्या त्या वाडीत ठरवलं की चूल धरायची, आणि कुणाची चूल वेगळी हे आम्ही नाही, गावातल्या बायकांनी सांगायचं. पुरुषांच्या बैठकीत हे कधीच खरं कळलं नसतं. बायकांना माहीत असतं कुणाच्या घरातून कधी धूर निघतो.

वाडीच्या खालच्या अंगाला दलित वस्ती होती, लोहार आणि शिंपीकाम करणारे. सचिवाच्या यादीत त्यातली निम्मीच घरं. मुद्दाम गाळली का कुणी सांगायलाच गेलं नाही ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही तिथं गेलो तेव्हा एक आमा, म्हणजे आईच्या वयाची बाई, लांबूनच उभी राहून बघत होती. मी वही घेऊन त्यांच्या अंगणात खाली बसलो, तर त्या पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हामीलाई पनि लेख्नुस् न." आम्हालाही लिहा ना. माझ्या बरोबरच्या नेपाळी मुलीनं, ती कॉलेजात शिकणारी होती, त्यांना विचारलं घरात कोण कोण होतं. मी तिला शिकवलं नव्हतं. तिनं आपणहून तसं विचारलं. आमांनी आधी नातवाचं नाव सांगितलं. मग सुनेचं. मग त्या गप्प बसल्या आणि मग मुलाचं नाव सांगितलं, तो सौदीत आहे, त्याला फोनवर कळवलंय पण त्याला सुट्टी मिळाली नाही. आम्ही सगळं लिहून घेतलं. मदतीच्या फॉर्मवर गेलेल्यांसाठी रकाना नव्हता, समासात लिहिलं. मग काय पाहिजे विचारलं तर त्यांनी मान हलवली आणि आम्हालाच विचारलं, "भात खानुभयो?" जेवलात का.

यादी झाली की ती गावात मोठ्यानं वाचायची, सगळ्यांसमोर. हे फार महत्त्वाचंय. कुणाचं नाव राहिलं, कुणाचं दोनदा आलं, ते तिथंच भांडून ठरतं, आणि भांडण झालं तरी चालेल, वाटपाच्या दिवशी होण्यापेक्षा आदल्या दिवशी झालेलं बरं. खालच्या वस्तीची नावं वाचली तेव्हा दोघा-तिघांनी आवाज चढवला. सचिव काही बोलले नाहीत. पण गावातल्या शाळेचे मास्तर उठले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की ढिगाऱ्यातून आमच्या घरची माणसं काढायला सगळ्यात आधी तेच लोक सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले होते. त्यावर कुणी काही बोललं नाही. खरंय ते, परदेशी पथकं कितीही लवकर आली तरी पहिले काही तास गावाचं गावच असतं, जिवंत निघालेल्यांतल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनीच काढलेलं असतं, किल्लारीला पण तसंच होतं. नावं यादीत राहिली. मग टोकन वाटली, टोकनवर नंबर, वडा म्हणजे वॉर्ड आणि वेळ, म्हणजे सगळे एकदम यायला नकोत. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि एकट्या बायका आधी.

वाटप चालू असतानाच १२ मेचा धक्का बसला. दुपारी एक वाजायच्या थोडं आधी, ७.३. केंद्र सिंधुपाल्चोक आणि दोलखाच्या सीमेवर, म्हणजे जवळपास आमच्या पायाखालीच. आधी खालून ट्रकसारखा आवाज आला आणि मग जमीन सरकायला लागली, उभं राहता येईना, मी गठ्ठ्यावर बसलो नाही, पडलो. समोरच्या डोंगरावरून धुळीचे लोट उठले, एक मग दुसरा मग सगळीकडं, जिथं जिथं दरड सुटली तिथं तिथं. पहिल्या धक्क्यात वाचलेल्या भिंती त्या दिवशी गेल्या. दोनशेच्या वर माणसं गेली. मदत घेऊन उडालेलं अमेरिकन सैन्याचं एक हेलिकॉप्टर त्याच दिवशी डोंगरात कोसळलं, त्यात सहा अमेरिकन सैनिक, दोन नेपाळी सैनिक आणि ज्यांना ते घेऊन निघाले होते ती गावची माणसं, कुणीच वाचलं नाही. हे मला फार लागलं. कुठल्या कुठल्या गावची पोरं, नकाशात न सापडणाऱ्या खेड्यातल्या जखमी माणसांना उचलायला आली आणि गेली. मदतीच्या राजकारणाबद्दल कुणी तुच्छतेनं बोलायला लागलं की मला ते आठवतात.

धक्का थांबल्यावर वाडीत काय झालं ते सांगतो. किंकाळ्या थांबल्या, लोकांनी लेकरं मोजली, आणि पाऊण एक तासानं परत रांग लागली. त्याच क्रमानं. ज्या बाईचा नंबर चालू होता ती परत येऊन तिथंच उभी राहिली, टोकन मुठीत घट्ट धरलेलं. मी म्हणलं उद्या करू, तर मास्तर म्हणाले नाही, आज रात्री पाऊस आहे, आजच करायचं. मग आम्ही उरलेल्या ताडपत्र्या अंधार पडेपर्यंत वाटल्या, मधेमधे जमीन हलत होती, सही घेणाऱ्याचा हात हलत होता त्यामुळं त्या दिवसाच्या सह्यांचे कागद बघितले तर ओळी वाकड्यातिकड्या आहेत. रात्री खरंच पाऊस आला.

त्यानंतर आमच्यातले बरेच जण परत आले, रजा संपल्या होत्या, आणि जगाचं लक्षही हळूहळू उडालं. जूनच्या शेवटी काठमांडूत मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, चार अब्ज डॉलरच्या वर आश्वासनं मिळाली, भारतानं एकट्यानं एक अब्ज जाहीर केले. पण आश्वासन ते घर हा प्रवास फार लांबचा. तोपर्यंत सरकारनं तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी १५ हजार नेपाळी रुपये दिले, त्यात पत्रे येत होते. सरकारचं पुनर्निर्माण प्राधिकरण डिसेंबरमध्ये स्थापन झालं, तेव्हा पहिला हिवाळा अर्धा झाला होता. मग घरासाठी ३ लाख नेपाळी रुपये ठरले, म्हणजे आपले एक लाख ८७ हजारांच्या आसपास, तीन हप्त्यांत, आधी ५० हजार, मग दीड लाख, मग एक लाख, आणि प्रत्येक हप्त्याआधी इंजिनिअरनं येऊन तपासायचं की घर भूकंपरोधक नियमानं चाललंय का. नियम बरोबर होता. यात कुणी सूट मागू नये असंच माझं मत आहे, कारण तशाच भिंती परत उभ्या राहिल्या तर पुढच्या वेळी तीच माणसं मरतील.

पण नियम सांगणारे खूप आणि बांधून दाखवणारे कमी. म्हणून आम्ही उरलेल्या पैशात दुसऱ्या वर्षी आमच्या गावाकडचे एक गवंडी काका तिकडं नेले. किल्लारीनंतर जे गवंडी शिकले त्यातले ते. दगडमातीची भिंत वाईट नसते, ती बांधायची पद्धत वाईट असते, हे त्यांचं पक्कं म्हणणं. आपल्याकडं आणि तिकडं चूक एकच, भिंतीची दोन तोंडं वेगवेगळी रचायची आणि मधे बारीक दगडमातीची भर टाकायची, मग धक्का बसला की दोन्ही तोंडं दोन दिशांना फाकतात. काकांनी तिथल्या डकर्मींना, म्हणजे गवंड्यांना, आरपार जाणारा लांब दगड कुठं कुठं बसवायचा, कोपऱ्यात सांधा कसा गुंतवायचा, आणि जोत्याला, खिडकीखाली, खिडकीवर आडवा पट्टा कसा सलग फिरवायचा ते करून दाखवलं. काकांना नेपाळी येत नाही, हिंदी पण मोडकी. दगड हातात घेऊन "हे बघ दादा, ह्यो आसा" एवढ्यावर शिकवणं झालं. डकर्मींनी पण त्यांना लाकडी पट्टा दगडात कसा अडकवतात ते दाखवलं, आपल्याकडं तेवढं लाकूडच नाही, काकांनी ते फार बारकाईनं बघितलं.

त्या वाडीतली वरच्या बाजूची बहुतेक घरं पुढं नियमात बसली आणि हप्ते मिळाले. खालच्या वस्तीतली बरीच घरं मात्र जोत्यावरच थांबली होती. कारण ५० हजारात जोतं होतच नव्हतं. सिमेंट, सळई, वाळू सगळं पाठीवर वर न्यायचं, त्याची मजुरी मालाच्या किमतीएवढी, आणि जोतं झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ज्याच्या घरात परदेशातून पैसे येतात त्यानं भागवलं, बाकीच्यांनी सावकाराकडून काढले नाहीतर तसंच सोडून दिलं. वृद्ध आणि एकट्या बायकांसाठी सरकारनं नंतर ५० हजार जास्तीचे दिले, पण त्यासाठी परत नागरिकता. आम्ही जमेल तेवढ्या घरांची जोत्यापर्यंतची वाहतूक आमच्याकडून दिली, फक्त वाहतूक, बाकी काही नाही, आणि तेवढ्यानं ती घरं पुढं सरकली. सगळ्यांची देता आली नाही. आमांचं घर त्यात झालं. त्यांच्या शेजारच्या दोन घरांचं जोतं आम्ही निघालो तेव्हाही अर्धंच होतं, आणि त्यांच्यासाठी लागणारे वाहतुकीचे पैसे जमवायचं काम आम्ही परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुरू केलं. पण तोपर्यंत नेपाळचं नाव काढलं की लोक म्हणायचे, ते कधीच झालं ना आता?